ब्रूडरमधलं पिल्लू मलूल पडलं तर: काय तपासायचं, काय करायचं

ब्रूडरमध्ये, म्हणजे लहान पिल्लांना बल्बची ऊब देणाऱ्या जागेत, कोंबडीचं पिल्लू पंख ढाळून पेंगायला लागलं की बहुतेकांचा हात पहिल्यांदा अँटिबायोटिकच्या पुडीकडे जातो. ती पुडी जरा बाजूला ठेवा. पहिल्या आठवड्यातली बरीचशी मरतूक ऊब, पाणी, खाद्य किंवा पिल्लं आली तेव्हाचीच त्यांची अवस्था, यांतल्या कशामुळे तरी होते. जंतूंचा विचार त्यानंतरचा. आणि जंतू असले तरी गारठलेल्या, तहानलेल्या पिल्लाला औषधाचा फारसा उपयोग होत नाही.

आधी कळप बघा

आजारी पिल्लू उचलण्याआधी दोन-तीन मिनिटं लांब उभं राहून सगळा कळप बघा. तुम्ही जवळ गेलात की पिल्लं बावचळतात आणि खरं चित्र मोडतं. सगळी बल्बखाली एकमेकांवर चढून किलबिलाट करत असतील तर थंडी वाजते आहे. बल्बपासून लांब, कडेला, चोच उघडी आणि पंख अंगापासून सुटे असतील तर उकडतं आहे. अशा वेळी आवाजही कमी असतो. सगळी एकाच बाजूला गोळा झाली असतील तर दुसऱ्या बाजूने वारा शिरतोय किंवा त्या बाजूला झगझगीत उजेड पडतोय. काही खातायत, काही पितायत, काही आडवी पसरून झोपलीयत, असं असेल तर ऊब बरोबर आहे. मान लांब टाकून मेल्यासारखं झोपणं ही पिल्लांची नेहमीची पद्धत आहे. हात लावल्यावर चटकन उठून पळालं तर काळजी नको.

मग थर्मामीटर. तो भिंतीवर टांगून काही कळत नाही. लिटरपासून (जमिनीवर पसरलेल्या तुसाच्या थरापासून) साधारण 5 सेंटीमीटर उंचीवर, म्हणजे पिल्लाच्या पाठीच्या पातळीला, उबेच्या गोलाच्या कडेला ठेवा. पहिल्या आठवड्यात तिथे 32 ते 35 अंश सेल्सिअस हवं, पुढे दर आठवड्याला सुमारे 3 अंश कमी करत 21 पर्यंत यायचं. पण आकडा आणि पिल्लं यांत तफावत असेल तर पिल्लांचं ऐका. दमट किंवा वारा शिरणाऱ्या खोलीत तोच आकडा त्यांना वेगळा लागतो.

हवा गरम आणि जमीन गार, ही चूक सहज लक्षात येत नाही. पिल्लू दिवसभर जमिनीवर असतं, त्यामुळे पायातून गारठतं. पाच-सहा पिल्लांचे तळवे आपल्या गालाला लावून बघा. गार लागले तर पिल्लू आतूनही गार आहे आणि ते खाणार नाही. म्हणूनच ब्रूडर पिल्लं येण्याच्या 24 तास आधी सुरू करायचा असतो, म्हणजे लिटर आणि खालची फरशी दोन्ही तापतात.

बल्ब घेताना एक गोष्ट बघा: टेफ्लॉनसारखा लेप दिलेला बल्ब ब्रूडरमध्ये कधीच लावू नका. तापल्यावर त्यातून निघणारा वायू पक्ष्यांच्या फुफ्फुसांना घातक असतो. धडधाकट पिल्लं काही तासांत एकदम मेली तर जंतूंआधी नवीन बदललेल्या बल्बकडे बघा.

खाद्यपिशवी चाचपा

मानेच्या बुडाशी, किंचित उजवीकडे खाद्यपिशवी असते. पिल्लं ब्रूडरमध्ये सोडून 24 तास झाले की रात्री वेगवेगळ्या कोपऱ्यांतून वीसेक पिल्लं उचला आणि दोन बोटांनी हलकेच दाबून बघा. मऊ, गोल, भरलेली लागली तर पिल्लाला खाद्य आणि पाणी दोन्ही मिळालंय. कडक, खाद्याचे कण बोटाला जाणवणारी असेल तर खाद्य मिळालं, पाणी नाही. फुग्यासारखी लिबलिबीत असेल तर नुसतं पाणी प्यायलंय. रिकामी असेल तर त्याला दोन्ही सापडलेलं नाही. वीसात एखादंच रिकामं निघालं तर ते पिल्लू दुबळं आहे. चार-पाच निघाली तर दोष मांडणीत आहे.

मांडणीतले दोष ठरलेले असतात. पाण्याचं भांडं बल्बच्या बरोबर खाली ठेवल्यामुळे पाणी कोमट सोडून गरम झालेलं असतं, किंवा भांडी इतकी लांब की उबेतून बाहेर पडायला पिल्लू तयार नसतं. भांड्याची कड पिल्लाच्या पाठीपेक्षा उंच असते. पहिले दोन-तीन दिवस 50 पिल्लांमागे पाण्याची किमान दोन भांडी ठेवा आणि उबेच्या कडेला खाद्याच्या भांड्यांशी आलटून पालटून मांडा. खाद्य भांड्यांत तर ठेवाच, शिवाय कागदावरही पसरा; टोचताना होणाऱ्या आवाजाने बाकीची पिल्लं तिकडे वळतात. पाणी 20 ते 25 अंशांचं हवं. आल्या आल्या प्रत्येक पिल्लाची चोच एकदा पाण्यात बुडवून सोडली की पुढचे बरेच प्रश्न उद्भवत नाहीत. भांड्याच्या खोबणीत गोट्या किंवा धुतलेले खडे टाका, नाहीतर दुबळं पिल्लू तिथेच बुडतं.

कितव्या दिवशी मरतायत?

रोजची मरतूक तारखेसह लिहून ठेवा. दिवसावरून निम्मं निदान होतं.

पहिल्या दोन-तीन दिवसांत मरणारी पिल्लं बहुधा हॅचरीतूनच (अंडी उबवण्याच्या केंद्रातूनच) दुबळी आलेली, प्रवासात सुकलेली किंवा बेंबी पिकलेली असतात. चौथ्या ते सहाव्या दिवशी मरतूक अचानक वाढली तर ती उपासमार आहे. पिल्लू अंड्यातला उरलेला बलक पोटात घेऊन जन्मतं आणि त्यावर साधारण 48 ते 72 तास तगतं. ज्यांनी खायलाच सुरुवात केलेली नसते त्यांचा साठा संपला की ती एकामागून एक पडतात, आणि मालक रोगाची साथ समजून औषध सुरू करतो. असं मेलेलं पिल्लू उघडलं तर खाद्यपिशवी रिकामी, जठरात नुसतं तूस आणि पित्ताशय टम्म फुगलेलं दिसतं. चौथ्या दिवशी ही पिल्लं वाचवता येत नाहीत. त्यांना पहिल्या दिवशीच शोधायचं असतं.

दहाव्या-बाराव्या दिवसानंतर मात्र कॉक्सिडिओसिस (आतड्यातल्या परजीवीचा रोग), जीवनसत्त्वांची कमतरता आणि संसर्ग यांचा विचार आधी करायचा.

दुबळ्या पिल्लाची वेगळी पेटी

पुठ्ठ्याचं खोकं, तळाशी खरखरीत कापड किंवा टिश्यू पेपर, एका टोकाला 35 अंश ऊब आणि दुसरं टोक थोडं गार, म्हणजे पिल्लू स्वतः जागा निवडू शकतं. पिल्लू गारठलेलं असेल तर आधी ऊब, खाणं नंतर. गार पिल्लाचं पचन थांबलेलं असतं. चोचीत भरवलेलं तसंच पडून राहतं. पाय गरम लागेपर्यंत आणि पिल्लू स्वतः मान उचलेपर्यंत थांबा.

मग पाणी. 1 लिटर कोमट पाण्यात 50 ग्रॅम साखर किंवा गूळ विरघळवून द्या, पण पहिले 10-12 तासच. जास्त दिवस दिलं तर विष्ठा पातळ आणि चिकट होते. त्यानंतर पोल्ट्रीसाठी मिळणारी इलेक्ट्रोलाइट पावडर पाकिटावरच्या प्रमाणात. अंदाजाने मीठ टाकू नका, पिल्लांना मिठाची बाधा लवकर होते. ड्रॉपरने पाजताना थेंब चोचीच्या कडेवर ठेवा आणि पिल्लाला स्वतः गिळू द्या. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच उघडतं, त्यामुळे घशात पिचकारी मारली की पाणी सरळ फुफ्फुसात जातं. औषध पाजता पाजता मेलेली पिल्लं बहुधा अशीच गेलेली असतात.

पिल्लू उभं राहू लागलं की ओलसर केलेलं स्टार्टर (लहान पिल्लांचं खाद्य) किंवा उकडलेल्या अंड्याचा चुरलेला बलक थोडा थोडा द्या आणि दोन तासांनी उरलेलं उचला. सोबत एक निरोगी पिल्लू ठेवलं तर त्याचं बघून ते लवकर टोचायला लागतं. मात्र हगवण किंवा श्वासाची घरघर असेल तर सोबत देऊ नका.

बुडाला चिकटलेली विष्ठा

हा सगळ्यात जास्त दिसणारा त्रास. विष्ठा वाळून गुदद्वार बंद होतं आणि पिल्लू एक-दोन दिवसांत मरतं. कारणं: गारठा, जास्त उष्णता, प्रवासातली तहान. कोमट पाण्यात भिजवलेला कापूस त्या जागी मिनिटभर धरून ठेवा, खपली मऊ झाली की पुसून घ्या. वाळलेली ओढून काढली तर पिसांसकट कातडी निघते आणि मग बाकीची पिल्लं तिथे टोचतात. जागा कोरडी करून व्हॅसलीनचा पुसट थर लावा, पिल्लू पूर्ण वाळल्यावरच कळपात सोडा. एक सावधगिरी: बेंबी गुदद्वाराच्या पुढे, पोटाकडे असते. पहिल्या दिवसांत तिथे असलेली वाळकी काळी खपली काढायची नाही.

ती बेंबी ओली, सुजलेली, निळसर-लाल असेल, पोट मोठं आणि लिबलिबीत झालं असेल आणि उग्र वास येत असेल तर बेंबीपासून बलकात संसर्ग गेला आहे. यावर भरवशाचा उपाय नाही. अशी पिल्लं लगेच वेगळी करा. एकाच खेपेत बरीच निघाली तर हॅचरीला कळवा, कारण दोष उबवणीतल्या स्वच्छतेत किंवा आर्द्रतेत असतो.

पिल्लं चॉकलेटी, चिकट, वास मारणारी विष्ठाही अधूनमधून टाकतात. ती अंधांत्रातली (आतड्याला जोडलेल्या, टोकाला बंद असलेल्या नळ्यांतली) असते आणि अगदी नेहमीची आहे. तिच्यावर औषध देऊ नका.

रक्त दिसलं तर

तिसऱ्या आठवड्याच्या आसपास पिल्लं अंग फुगवून, डोळे मिटून उभी राहतात, खाणं कमी होतं, विष्ठेत रक्त किंवा लालसर शेंब दिसते. हे कॉक्सिडिओसिस धरून चाला आणि रक्त दिसण्याची वाट बघत बसू नका. काही प्रकारांत रक्त येतच नाही. ओलं लिटर हे याचं माहेर.

उपचार अँप्रोलियमचा, पिण्याच्या पाण्यातून. 20 टक्क्यांची पावडर असेल तर 1 लिटरला 0.6 ग्रॅम, त्रास जास्त असेल तर 1.2 ग्रॅम, 3 ते 5 दिवस, त्यानंतर 0.3 ग्रॅम, एक ते दोन आठवडे. पाणी रोज ताजं करा आणि दुसरं पाणी ठेवू नका. तुमच्याकडची पावडर वेगळ्या टक्क्यांची असेल तर हिशेब बदलेल, पाकीट वाचा. अँप्रोलियम परजीवीला बी-1 जीवनसत्त्व मिळू देत नाही, म्हणून उपचार चालू असताना त्याच पाण्यात बी-कॉम्प्लेक्स टाकणं म्हणजे औषधावर पाणी ओतणं. जीवनसत्त्वं कोर्स संपल्यावर द्या. आजारी पिल्लू खात नाही पण पाणी पितं, म्हणून खाद्यातून औषध देण्यात अर्थ नाही. ओलं लिटर काढून कोरडं टाका. नेहमीच्या जंतुनाशकांनी या परजीवीची अंडी मरत नाहीत, त्यांना आवरायला कोरडेपणाच लागतो.

पाय आणि मान

पाय दोन बाजूंना फाकलेले असतील तर तळ घसरडा आहे. वर्तमानपत्राचा गुळगुळीत कागद हे नेहमीचं कारण. चिकट बँडेजची साधारण 1 सेंटीमीटर रुंद पट्टी घेऊन दोन्ही पाय 2 ते 2.5 सेंटीमीटर अंतरावर इंग्रजी आठाच्या आकारात बांधा, घट्ट नको. पिल्लाला खरखरीत तळावर ठेवा, पट्टी रोज तपासा, तीन-चार दिवसांत पाय जागेवर येतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत केलं तरच. आठवड्याने हाडं ऐकत नाहीत.

दुसऱ्या आठवड्यापासून बोटं आत वळून पिल्लू घोट्यांवर चालायला लागलं तर बी-2 कमी पडतंय. लवकर दिलं तर सुधारतं. मान पाठीवर वळून आकाशाकडे तोंड होत असेल तर बी-1, तोल जाऊन कोलांट्या घेत असेल तर ई जीवनसत्त्व आणि सेलेनियमचा विचार करा. जुनं, खवट झालेलं खाद्य हे त्याचं नेहमीचं कारण. पिल्लांना लेयरचं, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं, खाद्य घालू नका. त्यात 3.5 ते 4 टक्के कॅल्शियम असतं आणि ते पिल्लांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. स्टार्टरमध्ये ते 1 टक्क्याच्या आसपास असतं. मानमोडी (राणीखेत) या साथीच्या रोगातही मान वळते, पण तिथे सोबत हिरवी हगवण, घरघर आणि झपाट्याने वाढती मरतूक असते.

श्वास

गुडघ्यावर बसून पिल्लांच्या उंचीवर नाक न्या. डोळे चुरचुरले तर अमोनिया आहे. लिटर बदला, वरून हवा खेळती ठेवा, पिल्लांच्या अंगावरून वारा जाऊ देऊ नका. मान ताणून, चोच उघडून धापा टाकतायत पण घरघर ऐकू येत नाही, असं असेल तर बुरशीची शंका घ्या. बुरसलेलं तूस किंवा खाद्य फुफ्फुसात जातं. यावर उपयोगी औषध नाही, मूळ काढून टाकणं एवढंच हातात असतं. घरघर, शिंका, नाकातून पाणी असेल तर संसर्ग आहे.

पशुवैद्यक कधी

पहिल्या आठवड्यात एकूण 1 टक्क्याच्या आसपास मरतूक चालते. ऊब-पाणी ठीक असूनही रोजचा आकडा दुप्पट होत चालला, पांढरी हगवण पसरली, किंवा रात्रीत बरीच मेली तर स्वतः औषध न बदलता पशुवैद्यकाला दाखवा. नुकतीच मेलेली तीन-चार पिल्लं आणि शक्य असेल तर एक-दोन आजारी जिवंत पिल्लं तपासणीला द्या. मेलेली पिल्लं प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून बर्फावर न्या, फ्रीजरमध्ये गोठवू नका; गोठवल्यावर पेशी फुटतात आणि आतलं नीट दिसत नाही. सोबत चिठ्ठी द्या: पिल्लांचं वय, एकूण संख्या, रोजची मरतूक, झालेल्या लसी, खाद्य कोणतं आणि आतापर्यंत कोणकोणतं औषध पाण्यात गेलंय. शेवटची ओळ लपवू नका, अँटिबायोटिक आधीच गेलं असेल तर जंतूंच्या तपासणीचा निकाल चुकतो.