डाटा एकदाच जाळा: गावातल्या गावात फाइली थेट कशा द्यायच्या

बाजूच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला व्हिडिओ द्यायचा, तरी आपण तो व्हॉट्सॲपवर टाकतो. फाइल टॉवरवरून कुठल्या तरी लांबच्या सर्व्हरवर चढते आणि त्याच टॉवरवरून हातभर अंतरावरच्या फोनमध्ये उतरते. डाटा दोघांचाही जातो. शाळेच्या गॅदरिंगचा 200 एमबीचा व्हिडिओ 25 पालकांनी घेतला की 5 जीबी गेले. मग रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर दुपारीच "डाटा संपला ना बावा" सुरू होतं.

मधला सर्व्हर काढून एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात फाइल थेट देणं म्हणजे पीअर-टू-पीअर. 1999 च्या नॅपस्टर या गाणी वाटायच्या सॉफ्टवेअरपासून याचं नाव चोरीच्या गाण्यांशी जोडलं गेलं, पुढे टॉरेंट म्हणजे फुकटचे पिक्चर असंच लोक समजू लागले. पण फेसबुक आणि ट्विटरने आपल्या हजारो सर्व्हरवर नवा कोड पोचवायला हेच तंत्र वापरलं. जुनी पुस्तकं, वेबसाइटी जपणारं इंटरनेट आर्काइव्ह 2012 पासून आपला संग्रह टॉरेंटनेही देतं. ज्यांच्याकडे नेटची कमी नाही ते हे वापरतात. मेळघाटात धारणी-चिखलदऱ्यातल्या माणसाला तर त्याची जास्तच गरज आहे.

एकाच खोलीत असाल तर

दोन्ही फोन अँड्रॉइड असतील तर फोनमधलीच क्विक शेअर ही सोय पुरे. ब्लूटूथ, वायफाय आणि लोकेशन चालू करा, फाइल निवडून 'शेअर' दाबा, समोरच्याचं नाव आलं की पाठवा. "सगळ्यांना दिसू दे" ही सेटिंग तेवढ्या वेळापुरतीच ठेवा. बाजाराच्या दिवशी बसस्टँडवर ती चालू राहिली तर कोणीही काहीही पाठवायला बघेल.

फोन, लॅपटॉप, आयफोन असा सगळा मेळ असेल तर लोकलसेंड हे ॲप घ्या. फुकट आहे, जाहिराती नाहीत. एका फोनचा हॉटस्पॉट चालू करा आणि त्याच फोनचा मोबाइल डाटा बंद करा, नाहीतर बाकीचे त्यावर यूट्यूब बघत बसतील. इतरांनी त्या हॉटस्पॉटला जोडून लोकलसेंड उघडायचं. ॲप प्रत्येक यंत्राला विशेषण आणि फळ किंवा भाजी जोडून इंग्रजी नाव देतं. तुमचा फोन 'ऑरेंज' निघाला तर नागपूरकरांनी हुरळून जाऊ नये, उद्या 'पोटॅटो'ही निघेल.

अडतं ते दोन ठिकाणी. "या वायफायवर इंटरनेट नाही, जोडलेलं ठेवायचं का?" असं फोन विचारतो, तिथे 'हो' म्हणा, नाहीतर तो गुपचूप मोबाइल डाटावर उडी मारतो. आणि विंडोजवाल्या लॅपटॉपवर फायरवॉलची खिडकी आली की परवानगी द्या, नेटवर्क 'प्रायव्हेट' ठेवा. समोरचा लॅपटॉप यादीत दिसतच नसेल तर आधी हेच तपासा.

शेअरइट आणि झेंडर 2020 च्या जूनमध्ये भारतात बंद झाले. जुन्या फोनमध्ये पडून असतील तर काढून टाका.

दोन गावं, एकच फोल्डर

संस्थांना खरा उपयोग इथे आहे. 2009 मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क मिळाले, त्यानंतर जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभांकडे हद्दीचे नकाशे, जीपीएसच्या नोंदी, तेंदूपत्ता-बांबूचे हिशेब जमा झाले. समजा संस्थेचं ऑफिस कुरखेड्यात आहे आणि ग्रामसभेचा कॉम्प्युटर आतल्या गावात. एकच हिशेब दोन्हीकडे वेगवेगळा होऊन बसतो आणि खरा कोणता यावर वाद. सिंकथिंग हे फुकट सॉफ्टवेअर दोन्हीकडचा फोल्डर सारखा ठेवतं.

1. पहिल्यांदा सगळा फोल्डर हार्ड डिस्कवर घालून दुसऱ्या गावी न्या आणि तिथे कॉपी करा. 40 जीबी नेटवरून ढकलत बसू नका; एसटीचा वेग इथे जास्त आहे. डिस्क एफएटी-32 असेल तर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल ती घेणार नाही, तेव्हा आधी एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा (जुनं सगळं पुसलं जातं, हे लक्षात ठेवून).
2. दोन्ही कॉम्प्युटरवर सिंकथिंग टाका. ते ब्राउझरमध्येच उघडतं. 'ॲक्शन्स'मध्ये 'शो आयडी' दाबलं की अक्षरं-आकड्यांची लांबलचक ओळख दिसते. ती समोरच्याला पाठवा.
3. एकाने 'ॲड रिमोट डिव्हाइस'मध्ये दुसऱ्याची ओळख टाकायची, दुसऱ्याने आलेली विनंती मान्य करायची.
4. 'ॲड फोल्डर'मध्ये फोल्डर निवडा, 'शेअरिंग'मध्ये समोरच्या कॉम्प्युटरवर खूण करा. दुसरीकडे आधी कॉपी केलेल्या फोल्डरचाच पत्ता द्या. दोन्ही बाजू जुळवून फक्त फरक तेवढा पाठवला जातो.
5. 'फाइल व्हर्जनिंग' दोन्हीकडे चालू करा.

पाचवी पायरी लोक सोडून देतात आणि नंतर बोंब मारतात. सिंकथिंग म्हणजे बॅकअप नव्हे. कुरखेड्यात कोणी फाइल पुसली की गावातलीही पुसली जाते. व्हर्जनिंग असेल तरच जुनी प्रत सापडते. दोघांनी एकाच वेळी एकच फाइल बदलली तर एक प्रत 'सिंक-कॉन्फ्लिक्ट' नावाने बाजूला पडते. ती उघडून दोन्ही एकत्र करायचं काम माणसालाच करावं लागतं, म्हणून हिशेबाची वही भरणारा एकच ठरवून टाका.

दोन्ही कॉम्प्युटर एकाच वेळी चालू असल्याशिवाय काहीच पोचत नाही. आपल्याकडे एकीकडची लाइन सकाळी जाते, दुसरीकडची दुपारी. तेव्हा रोज एक ठरलेला तास ठेवा.

टॉरेंट: मोठ्या आणि उघड्या फाइलींसाठी

ब्रॅम कोहेनने 2001 मध्ये बिटटॉरेंट आणलं. मोठी फाइल तुकड्यांत मोडते आणि ज्याच्याकडे जो तुकडा आला तो पुढच्याला देत जातो. पंगतीत एकच वाढपी असला की शेवटच्या पानापर्यंत वरण थंडं होतं. इथे ज्याच्या पानात पडलं तोच वाढायला उठतो.

शाळेच्या लॅबसाठी विंडोजऐवजी चालणारं फुकट उबुंटू (सुमारे 6 जीबी), पत्रं-हिशेबाचं फुकट लिब्रेऑफिस किंवा नेट नसताना वाचता येणारा किविक्सचा विकिपीडिया असा आणता येतो. टॉरेंट उतरवायचं क्यूबिटटॉरेंट हे सॉफ्टवेअर त्याच्या स्वतःच्या साइटवरून घ्या, आणि टॉरेंट फाइलही मूळ संस्थेच्या साइटवरूनच. लाइन गेली तरी जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं. सेटिंगमध्ये अपलोडच्या वेगाला मर्यादा घाला, कारण चढणारा डाटाही पॅकमधूनच कटतो. 'लोकल पीअर डिस्कव्हरी' चालू असेल तर लॅबमधले कॉम्प्युटर एकमेकांकडूनही तुकडे घेतात.

आणि पिक्चरचं म्हणाल, तर टॉरेंटवर तुम्ही नुसते घेत नाही, त्याच वेळी वाटताही, तुमचा आयपी पत्ता (म्हणजे तुमच्या नेट कनेक्शनची ओळख) सगळ्यांना दिसत असताना. 1957 च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम 63 मध्ये सहा महिने ते तीन वर्षांच्या शिक्षेची तरतूद आहे. लोकांचे सातबारे आणि आधारच्या प्रतीही टॉरेंटवर कधीच टाकू नका. तिथून त्या परत घेता येत नाहीत.

सेतू केंद्र, लॅबवाल्यांसाठी एक सेटिंग

विंडोज 10 आणि 11 मध्ये अपडेट एकमेकांकडून घ्यायची हीच सोय आधीपासून आहे. सेटिंगमध्ये 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' शोधा, इतर पीसींकडून डाउनलोडला परवानगी द्या आणि 'माझ्या लोकल नेटवर्कवरची यंत्रं' एवढंच निवडा. इंटरनेटवरची यंत्रं निवडलीत तर तुमचा डाटा अनोळखी लोकांना अपडेट वाटण्यात जाईल. सगळे कॉम्प्युटर एकदम अपडेटला लावू नका. एकाचं पूर्ण होऊ द्या, तो चालूच ठेवा, आणि मग बाकीचे सुरू करा.