दारू सोडायला मीटिंग शोधताय? या चुका टाळा

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत दारू सोडायची मनापासून इच्छा असलेली माणसं खूप आहेत. घोडं अडतं ते अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या, म्हणजे ए.ए.च्या मीटिंगपर्यंत पोहोचण्यात. दारू सोडू पाहणारी माणसं एकत्र बसून एकमेकांना आधार देतात, ती ही मीटिंग. पत्ता मिळतो, माणूस हिय्या करून जातो, खोलीला कुलूप दिसतं आणि परतताना रस्त्यात दुकान लागतंच. असा हुकलेला दिवस फार महाग पडतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पाटी शोधत फिरणं. ए.ए.च्या गटाची स्वतःची इमारत बहुधा नसते. शाळेचा वर्ग, दवाखान्यातली एखादी खोली, चर्चचा हॉल अशा मागून घेतलेल्या जागेत ठरलेल्या संध्याकाळी तास-दीड तास मंडळी बसतात. परीक्षा आली, सण आला की जागा किंवा वेळ बदलते, आणि मोबाइलच्या नकाशावरचा पत्ता मात्र तसाच राहतो. त्यामुळे निघण्याआधी फोन कराच. ए.ए.च्या भारतातल्या वेबसाइटवरून नंबर काढा आणि सरळ विचारा: "भाऊ, मला दारू सोडायची आहे. या आठवड्यात मीटिंग नक्की आहे ना? खोली कुठली? गेटवर कोणी भेटेल का?" शेवटचा प्रश्न अजिबात गाळू नका. नव्या माणसाचे पाय दारापाशीच अडखळतात. गेटवर एखादा जुना मेंबर उभा असला की आत जाणं जमतं. आणि परतीच्या एसटीची वेळ आधी बघून ठेवा. जळगावची मीटिंग संपेपर्यंत यावलची शेवटची गाडी निघून गेली, तर पुढच्या आठवड्यात जाणं होत नाही.

दुसरी गल्लत केंद्र आणि मीटिंग यांची. व्यसनमुक्ती केंद्रात दाखल होऊन उपचार घेतात, त्याचा बऱ्याच ठिकाणी खर्च असतो. ए.ए. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालं, भारतात १९५७ च्या सुमारास मुंबईत आलं, आणि आजही तिथे प्रवेश फी नाही. अट एकच: दारू सोडण्याची इच्छा. फोनवर कोणी आगाऊ रक्कम मागितली किंवा "गाडी पाठवून उचलून आणतो" म्हणालं, तर तो ए.ए.चा गट नव्हे. फोन ठेवून द्या.

आता जिवावर बेतणारी चूक. मीटिंगला 'शुद्ध होऊन' जायचं म्हणून रोज भरपूर पिणारा माणूस घरीच एकदम बंद करतो. पहिल्या दिवसातच हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भास होऊन माणूस बरळू लागतो. हे नाटक समजू नका, भूतबाधाही समजू नका. १०८ ला फोन करा. आधी असा त्रास झालेला असेल, तर बंद करण्यापूर्वीच डॉक्टरांना गाठा. तिन्ही जिल्ह्यांच्या ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. चहातून गुपचूप दारू सोडवायची गोळी देणं तर मुळीच नको. दारूवर ती गोळी पडली तर रक्तदाब कोसळू शकतो.

"मी काय बेवडा शे का?" हा प्रश्न घरोघरी ऐकू येतो, आणि त्यामागे बहुतेक वेळा भीती असते ती ओळखीचं कोणी दिसेल याची. गाव लहान, भाऊबंदकी मोठी. ही भीती खोटी नाही. मग दुसऱ्या शहरातली मीटिंग निवडा. अमळनेरच्या माणसाला धुळं किंवा जळगाव, भुसावळच्या माणसाला जळगाव काही लांब नाही. मीटिंगमध्ये आडनाव सांगावं लागत नाही, आणि तिथे बसलेल्या प्रत्येकाला स्वतःचं नाव जपलं जावं असंच वाटत असतं.

घरच्यांचीही एक चूक होते. वहिनी किंवा आई हात धरून त्याला आणते आणि मीटिंग फक्त मद्यपींसाठी असल्याचं दारात कळतं. खुली मीटिंग कधी असते ते फोनवरच विचारा. घरच्यांसाठी अल-अॅनॉन वेगळं आहे, आणि तो प्यायचा थांबला नसला तरी त्यांना तिथे जाता येतं.

एका मीटिंगवरून मत बनवू नका. कुठे चार माणसं असतात, कुठे एकच जण फार बोलतो. थोडे दिवस जाऊन बघा, दुसरा गट बघा. पहिल्या दिवशी नुसतं ऐकलं तरी चालतं. माळ घातलेल्यांना वाटतं, आपला पांडुरंग आहे, मग हे कशाला? ए.ए.त परमेश्वर ज्याला जसा समजला तसा, म्हणून माळ गळ्यात ठेवूनच या.

आखाजीला पत्त्यांचे डाव रंगतात, लग्नसराईत हळदीच्या रात्री बाटल्या फुटतात. त्या आठवड्याची मीटिंग आहे का, हे आधीच विचारून ठेवा. नसेल तर मेंबरचा नंबर खिशात असू द्या. रात्री मन फारच उचल खाऊ लागलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे.

धडगाव, अक्कलकुव्याकडे जवळपास गटच सापडला नाही, तर शोध तिथे थांबवू नका. मोबाइलवरच्या ऑनलाइन मीटिंगपासून सुरुवात करा. ए.ए.च्या परंपरेप्रमाणे दारूपासून दूर राहण्यासाठी दोन-तीन मद्यपी एकत्र बसले, तरी तो गट होऊ शकतो. वार ठरवा, वेळ ठरवा, मुख्याध्यापकांकडे एक खोली मागा. आणि गट सुरू झाल्यावर त्याची वेळ व फोन नंबर ए.ए.च्या कार्यालयाला कळवा, वेळ बदलली की पुन्हा कळवा, म्हणजे पुढचा माणूस कुलपापुढे उभा राहणार नाही.