चार प्रांतांचं जेवण, तिखट मात्र एकच

गेल्या मे महिन्यात लेकाच्या ऑफिसातली दहा माणसं जेवायला आली होती. मी हौसेनं तांबडा रस्सा, आंध्राचं गोंगुरा मटण आणि चेट्टिनाड चिकन असं सगळंच मांडलं. बिचारे नाकं पुसत जेवले आणि शेवटी दहीभातावर तुटून पडले. तेव्हापासून ठरवलंय, ताटात तिखट एकच. आणि कोल्हापुरात पाहुणा आलाय म्हटल्यावर ते आपलंच.

मेनू ठरवताना मी आधी शेगडी बघते. माझी तीन बर्नरची. ऐन वेळी लागणार पांढरा रस्सा, भात आणि भाकऱ्या गरम करायला तवा. झाली की शेगडी भरली. म्हणजे बाकीचं सगळं आधी होणारं किंवा गार चालणारंच हवं. म्हणून सुरुवातीला गुजराती दुधीचे मुठिये, मग आपलं मटण, त्यानंतर बंगाली टोमॅटोची चटणी आणि शेवटी केरळचं मूगडाळीचं प्रधमन, म्हणजे नारळाच्या दुधातली गुळाची खीर.

चटणी आदल्या रात्री. मोहरीच्या तेलात पाचफोडण (जिरं, मोहरी, मेथी, बडीशेप, कलौंजी) तडतडवायचं, मेथी करपायच्या आत अर्धा किलो टोमॅटो, आलं, साखर आणि आठ-दहा खजूर घालायचे. बंगाली लोक ही गोडाच्या आधी खातात. तांबड्यानं पेटलेली जीभ तिनंच शांत होते. मुठिये सकाळी वीस मिनिटं वाफवून ठेवा. गार झाल्यावरच कापा, गरम कापले तर भुगा होतो. पाहुणे चप्पल काढत असताना तीळ-मोहरीच्या फोडणीत परतले की झालं.

नारळ चार, एकदमच फोडा. पहिलं दाट दूध वेगळं आणि दुसरं पातळ वेगळं काढा. भाजलेली मूगडाळ, कोल्हापुरी गूळ आणि पातळ दूध मंद आचेवर आटवून दुपारीच प्रधमन करून ठेवा. वाढायच्या आधी गरम करून खाली उतरवा आणि मगच थोडं दाट दूध, सुंठ, वेलची घाला. उरलेलं दाट दूध पांढऱ्याला. दोन ठिकाणी नारळ झाला, तेव्हा सोलकढी नको. जाऊबाईंना हे पटत नाही, त्या नेहमी गुपचूप आमसुलं भिजत घालतात.

आता पांढरा. दोन किलो मटण आलं-लसूण-मीठ लावून शिजवा, हळद अजिबात नको, नाहीतर रस्सा पिवळा दिसतो. अळणी पाणी, म्हणजे मटण शिजलेलं पाणी, गाळून निम्मं तांबड्याला, निम्मं पांढऱ्याला. खसखस, पांढरे तीळ आणि काजू दोन तास भिजवून गंधासारखं वाटा. लवंग, दालचिनी, वेलची, मिरी तुपात टाकून हे वाटण परता, मग अळणी पाणी ओता, एक उकळी येऊ द्या. नंतर आच अगदी बारीक करून दाट दूध धारेनं सोडायचं आणि डाव फिरवत राहायचं. आता उकळी नाही! एकदा मी मधेच फोन घेतला आणि परत येऊन बघते तर पातेल्यात पाणी खाली, चोथा वर. त्या दिवशी पाहुण्यांना नुसता तांबडाच मिळाला.

तांबड्यात विशेष सांगण्यासारखं नाही. भाजलेलं कांदा-खोबरं, घरची कांदा-लसूण चटणी आणि वर कट हवा. शाकाहारी असतील त्यांच्यासाठी त्याच वाटणात अख्खा मसूर करा, पण डाव वेगळा ठेवा. ही गोष्ट लोक विसरतात.

भाकऱ्या मी गल्लीतल्या मावशींकडून करून घेते, माणशी दोनच्या हिशेबानं. दहा जणांच्या भाकऱ्या थापत बसलं तर पाहुण्यांशी बोलायचं कधी?

तांबडा थोडा जास्तच करा, दुसऱ्या दिवशी पावाबरोबर मुरलेला लागतो भारी. पांढरा मात्र मोजकाच.