विम्याचं पाकीट येण्याआधी

कॅलिफोर्नियात टेकडीच्या उतारावर घर घेतलेल्या मराठी मंडळींसाठी ही तयारी. पहिलं काम अगदी साधं. घरविम्याची मुदत कधी संपते ते आजच पाहा आणि त्या तारखेच्या तीन महिने आधी कॅलेंडरवर खूण करा. पॉलिसी पुढे चालू ठेवायची नसेल तर कंपनीने निदान ७५ दिवस आधी कळवलं पाहिजे, असा इथला कायदा आहे. पण पत्र येतं टपालाने, आणि तेव्हा आपण असतो पुण्यात. आम्ही सहा आठवडे भारतात होतो, शेजारीण रोज डाक काढून टोपलीत टाकत होती. परतल्यावर जाहिरातींच्या गठ्ठ्यात ते पाकीट सापडलं तेव्हा जेमतेम महिना उरला होता. म्हणून लांबच्या प्रवासाआधी कंपनीकडे ईमेल आणि फोन नंबर ताजा करा, आणि पाकिटांचे फोटो पाठवायला कुणाला तरी सांगून ठेवा.

विमा चालू राहिला तरी हप्ता वाढलेला असेल, हे धरूनच चाला. मे २०२३ मध्ये स्टेट फार्म या विमा कंपनीने इथे नवे घरविमे देणं थांबवलं आणि २०२४ मध्ये घरांच्या सुमारे ३० हजार पॉलिसी पुढे न चालवण्याचं जाहीर केलं. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या पॅलिसेड्स आणि ईटन आगींत १६ हजारांहून जास्त इमारती गेल्या, आणि त्याच वर्षी या कंपनीला घरविम्यावर १७ टक्के तातडीची दरवाढ मंजूर झाली. हप्ता बहुतेकांच्या एस्क्रोतून (विमा आणि घरपट्टीसाठी कर्जाच्या हप्त्याबरोबर दरमहा पैसे जमा होतात ते खातं) जातो, त्यामुळे वाढ विम्याच्या बिलात न दिसता घराच्या मासिक हप्त्यात शिरते. तिथेही डोकवा. आणि काही झालं तरी विम्यात खंड पडू देऊ नका. पडला तर कर्ज देणारी बँक स्वतःच विमा घेते, तो महाग असतो आणि त्यात आपलं सामान सहसा धरलेलं नसतं.

नकाराचं पत्र आलंच तर घाबरून पहिल्या सापडेल त्या पॉलिसीवर सही करू नका. अनेक कंपन्यांचं काम करणाऱ्या ब्रोकरला फोन करा, तोही एकालाच नको. जवळपास वणवा लागून गव्हर्नरनी आणीबाणी जाहीर केली असेल, तर आगीच्या हद्दीतल्या आणि तिला लागून असलेल्या पिनकोडांत वर्षभर वणव्याच्या कारणावरून पॉलिसी बंद करता येत नाही. आपला पिनकोड त्या यादीत आहे का, हे राज्याच्या विमा खात्याकडे विचारा. कुणीच घेईना, तर शेवटी फेअर प्लॅन, म्हणजे इतरत्र विमा न मिळणाऱ्यांसाठी विमा कंपन्यांनी मिळून चालवलेली योजना. तो इमारत आणि सामान मिळून ३० लाख डॉलरपर्यंतचा विमा देतो, पण मुख्यतः आग आणि धुराचा. चोरी, फुटलेला नळ, अंगणात घसरून पडलेला पाहुणा यांसाठी वेगळी पूरक पॉलिसी घ्यावी लागते. दोन्हींची बेरीज करा, मगच तुलना करा.

हप्ता कमी करायचा मोह होतो तेव्हा बरेच जण विम्याची रक्कमच कापतात. माझ्या मते ही सगळ्यात महागडी काटकसर. झिलोसारख्या घरविक्रीच्या संकेतस्थळावर घराची किंमत काय दिसते याच्याशी विम्याचा संबंध नाही. जमीन जळत नाही. तेच घर आजच्या मजुरीने पुन्हा बांधायला काय लागेल, तो आकडा हवा. हप्ता उतरवायचाच तर डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला आपण स्वतः सोसायचा वाटा, वाढवा, पण तेवढे पैसे खरोखर बाजूला असतील तरच.

दुसरा रास्त मार्ग म्हणजे घर आगीपासून जपणं. वणव्याच्या जोखमीवर दर ठरवणाऱ्या कंपनीने अशा कामांसाठी सवलत द्यावी, असा २०२२ पासून नियम आहे. त्यातलं महत्त्वाचं काम भिंतीपासूनच्या पहिल्या पाच फुटांत. वणव्यात बरीच घरं ज्वाळांनी नाही, उडत आलेल्या निखाऱ्यांनी पेटतात. तेव्हा पन्हळीतला वाळका पाला काढा, हवेच्या झरोक्यांना बारीक धातूची जाळी बसवा, लाकडी कुंपण भिंतीला टेकत असेल तर शेवटचा तुकडा धातूचा करा. काथ्याचं पायपुसणं आणि पाडव्यापासून दारावर वाळत असलेलं आंब्याच्या पानांचं तोरणसुद्धा काढा. आमचं तुळशीवृंदावन सरकवताना सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. ते आता अंगणाच्या मध्यावर आहे, ऊनही जास्त मिळतं. सगळं झालं की तारखेसह फोटो काढून कंपनीला पाठवा आणि आपल्या घराला दिलेला जोखमीचा गुणांक लेखी मागा. तो चुकीचा वाटला तर अपील करता येतं.

एका रविवारी फोन घेऊन घरभर फिरा. कपाटं, खण, गॅरेज, देव्हाऱ्यातली चांदी सगळं बोलत बोलत चित्रित करा आणि व्हिडिओ घराबाहेर, क्लाउडवर ठेवा. सोन्याची पावतीसह वेगळी नोंद हवी, कारण नेहमीच्या पॉलिसीत दागिन्यांच्या चोरीची भरपाई बऱ्याचदा हजार-दोन हजार डॉलरांवर थांबते. आजीच्या पाटल्यांना पावती कुठून आणणार? इथल्या सोनाराकडून मूल्यांकन करून घ्या.

भूकंप आणि पूर घरविम्यात येत नाहीत. पुराचा सरकारी विमा सहसा ३० दिवसांनी लागू होतो, म्हणून तो पावसाचा अंदाज ऐकून घेऊन उपयोग नाही. भूकंपासाठी कंपनी दर दोन वर्षांनी प्रस्ताव पाठवते. तोही त्याच टोपलीत असेल.