जुन्या कॅम्पर व्हॅनच्या मेटॅलिक रंगाचं टच-अप कसं करावं

मारुती ओम्नीचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं, तरी मागच्या सीट काढून झोपायची फळी आणि शेगडी बसवलेल्या ओम्नी अजून फिरताना दिसतात. अशी गाडी सिल्व्हर असेल तर टच-अपला पांढऱ्या गाडीपेक्षा जास्त धीर लागतो. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात आणि ते कसे बसतात त्यावर शेड ठरते. रंग तोच असला, तरी जाड ओला थर दिला की ठिगळ काळपट दिसतं.

सुरुवातीलाच गॅस सिलिंडर गाडीतून बाहेर काढा. थिनरची वाफ पेट घेते, त्यामुळे यात हयगय नको.

गाडी धुऊन, वाळवून, डागाभोवतीचा भाग रबिंग कंपाउंडने घासा. उन्हाने विटलेल्या थराखालची खरी शेड तेव्हाच दिसते. मग रंगाच्या दुकानात शेडचा कोड सांगून रंग घ्या. मारुतीच्या सिल्की सिल्व्हरचा कोड झेड२एस आहे. आधी पत्र्याच्या तुकड्यावर रंग आणि त्यावर क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) मारून तो गाडीला लावून बघा, समोरूनही आणि तिरकाही. समोरून जुळणारा सिल्व्हर बाजूने बघताना वेगळा पडतो.

कॅम्परचं खास दुखणं म्हणजे सिलिकॉन. छताच्या झरोक्याभोवती आणि नंतर बसवलेल्या खिडक्यांना ते भरलेलं असतं. त्याचा नुसता हात लागलेल्या जागीही रंग धरत नाही, बारीक खड्डे पडून मागे सरतो. म्हणून पेपरने घासायच्या आधीच वॅक्स-ग्रीस रिमूव्हरने पुसा आणि दर वेळी नवं फडकं घ्या. आधी घासलंत तर सिलिकॉन ओरखड्यांत आणखी मुरतं.

गंज छताच्या पन्हळीत आणि चाकांच्या कमानीत शोधा. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासा. भोक पडलं असेल तर लांबी (पुटी) भरून भागणार नाही, वेल्डिंगच करून घ्या. मग इपॉक्सी प्राइमर, म्हणजे रंगाखालचं अस्तर, मारा. तो वाळला की ४०० आणि मग ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून गुळगुळीत करा.

रंगाचा कॅन दोन-तीन मिनिटं हलवा, कण तळाशी बसलेले असतात. पातळ दोन-तीन हात द्या, मध्ये दहा-पंधरा मिनिटं थांबा. शेवटचा हात जरा लांबून, हलका, कडा विरत जातील असा मारा. वाळलेला मेटॅलिक थर पेपरने घासू नका. कण कापले जाऊन चट्टे उठतात. क्लिअर मात्र ठिगळापुरता नको, पत्र्याच्या नैसर्गिक कडेपर्यंत न्या. हार्डनर मिसळायचा क्लिअर असेल तर ते काम पेंटरकडेच द्या, त्याची वाफ फुप्फुसांना घातक असते.

नखाएवढ्या ओरखड्याला फवारणी नकोच. बारीक ब्रशने रंगाचे ठिपके टेकवा, ओढू नका.

हे सगळं पावसाळ्यात करू नका. दमट हवेत क्लिअरवर पांढुरकी झाक येते. दिवाळीनंतरची कोरडी सकाळ, दव ओसरल्यावर, सावलीत, हे उत्तम. आठवड्याने २००० नंबरच्या पेपरने पाणी लावून हलकं घासून पॉलिश करा. वॅक्स महिनाभर नको, आतला थिनर पूर्ण उडून जाऊ द्या.