फ्लॅटमध्ये गिटार अ‍ॅम्प: माझा अनुभव
मी १५ वॅटचा ट्यूब अ‍ॅम्प (जुन्या रेडिओसारख्या काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा) घेतला, म्हटलं घरात एवढा पुरे, कसलं काय, नॉब शून्यावरून जरा सरकवला की एकदम दणका आणि खालच्या काकू दारात. मग १ वॅटचा बघायला लागलो पण वॅट दहापट कमी केले तरी फरक १० डेसिबलचाच, म्हणजे कानाला साधारण निम्मा आवाज, त्यात काय भागणार? शेवटी छोटा मॉडेलिंग अ‍ॅम्प (वेगवेगळ्या अ‍ॅम्पच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारा) आणला, मास्टर व्हॉल्यूम म्हणजे एकूण आवाजाचा नॉब वेगळा असल्यामुळे गेन (आत येणारा सिग्नल वाढवणारा नॉब) चढवून डिस्टॉर्शन, म्हणजे रॉकमधला तो खरखरीत आवाज, मस्त मिळतं आणि आवाज टीव्हीपेक्षा कमी. तरी खाली धमधम जातच होती, अ‍ॅम्प जमिनीवरून उचलून खुर्चीवर उशी टाकून ठेवला, बेस उतरवला, तेव्हा थांबली. रात्री सरळ हेडफोन. तारांची टिकटिक मात्र बायकोला ऐकू येतेच, त्याला इलाज नाही.