रॅली कारच्या मॉडेलवर चिखल चढवताना

१/२४ मापाच्या मॉडेलवरचा एक मिलिमीटरचा खडा खऱ्या गाडीच्या हिशेबात २४ मिलिमीटरचा दगड होतो. म्हणून पुण्यातल्या तळजाई टेकडीची माती आणून तशीच थापू नका. उन्हात खडखडीत वाळवा आणि मलमलीतून दोनदा गाळा, पिठाइतकी बारीक हवी. केनियाच्या सफारी रॅलीची गाडी असेल तर थोडा गेरू मिसळा, रंग सुरेख जमतो. आधी डेकल्सवर (गाडीवर चिकटवलेल्या नंबर-नावांच्या चित्रांवर) मॅट क्लिअर, म्हणजे चमक नसलेलं पारदर्शक वार्निश, मारून पूर्ण सुकू द्या. मग माती पातळ मॅट वार्निशमध्ये कालवून जुन्या टूथब्रशने चाकांमागे शिंतोडे उडवा. मागचा बंपर चांगला माखू द्या, छपरावर अगदी कमी. पुढच्या काचेवर वायपर फिरतो तेवढा भाग मास्किंग टेपने झाकाच, सगळी मजा त्या स्वच्छ कमानीत आहे. पुण्याच्या पावसाळ्यात स्प्रेचं क्लिअर दमट हवेने पांढुरकं पडतं, तेव्हा कोरड्या दुपारीच मारा.